आज सीझन संपला तर

माझ्या नवऱ्याला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पन्नाशी उलटल्यावर तो ते शिकला. कारण साधं होतं. मुलगी अमेरिकेला गेली आणि फोनवर तिच्याशी बोलायला त्याच्याकडे विषय उरला नाही.

माझं तसं नव्हतं. जेवलीस का, थंडी किती आहे, खोलीतली मुलगी आपली भांडी घासते का, एवढ्यावर माझा फोन भरपूर चाले. बापलेकीचं संभाषण मात्र असं असे:

"हं. कसं काय?"

"गुड, बाबा."

"अभ्यास?"

"गुड."

"बरं. आईला देतो."

इथे दुबईत असताना त्यांना बोलावं लागतच नसे. आम्ही अल कुसैसला राहतो. तो तिला शाळेत सोडायचा, सुट्टीच्या दिवशी क्रिकेटला घेऊन जायचा, संध्याकाळी दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसून मुकाट्याने टीव्ही बघायची. फोनवर मुकाट्याने बसता येत नाही.

मग एकदा बोलता बोलता ती म्हणाली की ती मैत्रिणींबरोबर स्टेडियममध्ये गेली होती. तिच्या शहराचा संघ आहे, हेल्मेट घालून खेळतात तो फुटबॉल, सगळं गाव त्या दिवशी एकाच रंगाचे कपडे घालतं.

"जिंकले का?" याने विचारलं.

"जिंकले."

"मग आता टेबलात कितवे?"

"बाबा, इट्स वीक टू. आत्ता कुठलं टेबल?"

"दोन सामने झाले ना? मग टेबल असणारच."

हा माणूस बांधकाम कंपनीत नकाशे बघून किती लोखंड, किती काँक्रीट लागेल याचा हिशेब मांडायचा. क्रिकेटचा वर्ल्ड कप आला की भारताला पुढे जायला नेट रन रेट किती हवा हे तो जेवणाच्या टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन काढायचा. त्याने त्या आठवड्यात अमेरिकन फुटबॉलचे नियम वाचून काढले. खेळाचे नव्हे. खेळ त्याला शेवटपर्यंत नीट समजला नाही. चेंडू कुणाकडे आहे हेही तो मुलीला विचारायचा. त्याने वाचले ते टेबलाचे नियम. बत्तीस संघ, सोळा-सोळाचे दोन मोठे गट, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ पुढच्या फेरीत. दोघांचे विजय सारखे झाले तर वर कोण, हे ठरवायची एक लांबलचक उतरंड. त्या उतरंडीच्या तो प्रेमात पडला.

तिथली सोमवारची रात्र म्हणजे आमची मंगळवारची सकाळ. आठवड्याचा शेवटचा सामना तेव्हा संपतो. दर मंगळवारी ऑफिसला जाण्याआधी तो मुलीला मेसेज लिहायचा. सुरुवात ठरलेली: "बाईसाहेब, आज सीझन संपला तर". खाली सात नावं. त्याखाली जिथे बरोबरी असेल तिथे कारण, एका ओळीत. शेवटी ना काळजी घे, ना आशीर्वाद. ती तिकडून झोपण्यापूर्वी उत्तर द्यायची. बहुतेक वेळा भांडण असायचं, कारण तिचा संघ याने कधी कणभरही वर सरकवला नाही. "बाबा, थोडं तरी मार्जिन द्या ना." "नियमात बसलं तर देईन." तिच्या शिक्षणाची दोन वर्षं आणि नोकरीचे पहिले महिने अशी गेली. फोन आता मला आधी मिळायचा आणि मग काढून घेतला जायचा.

मी एकदा विचारलं होतं, "सतरा सामन्यांतले चार झालेत. आत्ताच कोण आत, कोण बाहेर, हे काढून मिळतं काय?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "आत्ताच्या टेबलाला अर्थ नाही. सामन्यांना आहे. तिसऱ्या आठवड्यातली हार आणि शेवटच्या आठवड्यातली हार, वजन तेच. लोकांना ते जानेवारीत कळतं."

मी शाळेच्या बसगाड्या बघते. कुठली बस कुठल्या रस्त्याने, बसमधल्या कुठल्या नॅनीला कुठली मुलं, शारजाच्या बाजूला ट्रॅफिक असेल तर काय करायचं, हे माझं काम. मला अर्थ नसलेल्या गोष्टींसाठी वेळ नसतो. पण तो मंगळवारी सकाळी चांगल्या मूडमध्ये असायचा, आणि त्याचा फायदा मलाही मिळायचा, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ समजून आम्ही जवळच्या क्लिनिकमध्ये गेलो. तिथून स्कॅन, स्कॅनवरून मोठं हॉस्पिटल. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि बराच पुढे गेलेला. इन्शुरन्सने अल ऐनच्या एका हॉस्पिटलला मंजुरी दिली, त्यामुळे उपचार तिथे. गाडीने दीड तास.

तिथले डॉक्टर इजिप्तचे होते. चांगला माणूस, पेशंटच्या पलंगावर बसून बोलायचा. पण मला आकडा हवा होता.

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"मॅडम, आत्ता सांगणं फार लवकर आहे. औषध लागू पडलं तर, इन्शाल्ला, बराच."

"आणि नाही पडलं तर?"

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या कुटुंबात आणखी कोण आहे?"

हे मला पुरेसं उत्तर होतं. नवऱ्याने मात्र पहिलंच वाक्य धरून ठेवलं. आत्ता सांगणं फार लवकर आहे.

आता प्रश्न एकच होता, मुलीला कधी बोलवायचं. तिला नोकरी लागली होती आणि कंपनीने तिच्या नव्या व्हिसाचे कागद सादर केले होते. निकाल डिसेंबरात येणार होता. तोपर्यंत तिने अमेरिका सोडली तर अर्ज बाद. पुन्हा आत जायला मिळेल की नाही कोणी सांगू शकत नव्हतं. निकाल लागून मग ती आली तर सगळं ठीक. म्हणजे तिच्या बापाने डिसेंबरपर्यंत टिकायला हवं होतं.

"तिला काही सांगायचं नाही," गाडीत त्याने जाहीर केलं. "पित्ताशयाच्या नळीत खडा होता, स्टेंट घातलाय, अशक्तपणा आहे. डिसेंबरात येईल तेव्हा बघू."

"आणि डिसेंबरपर्यंत—"

"आज सीझन संपत नाहीये," तो म्हणाला.

मी गाडी चालवत होते. वाद घातला नाही. तिचं काय जाईल हे मला दिसत होतं, त्याचं किती उरलंय हे दिसत नव्हतं. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी दिसणारी गोष्ट घालवायची नाही, असं मी ठरवलं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

सप्टेंबरात सामने सुरू झाले आणि त्याचे मंगळवारचे मेसेजही. ऑफिस सुटलं होतं, त्यामुळे तो आता ते तासभर लिहीत बसायचा. व्हिडिओ कॉलच्या वेळी तो कॉलरचा शर्ट घालायचा. गळ्याशी तो इतका सैल झाला की आत टी-शर्ट घालावा लागे. डोळ्यांचा रंग दिसू नये म्हणून खिडकीकडे पाठ करून बसायचा. चेहरा काळा, मागे लख्ख ऊन.

"बाबा, लाइट लावा ना," ती हसायची. "बातम्यांमध्ये चेहरा लपवलेला साक्षीदार असतो ना, तसे दिसताय."

"साक्ष काय द्यायची, तुझा संघ हरला. तिसऱ्या आठवड्यातच, आणि तेही आपल्याच कॉन्फरन्समधल्या संघाशी."

"इट्स वन गेम, बाबा!"

"बघ हं. जानेवारीत आठवण काढशील."

अल ऐनच्या रस्त्यावर तो मला शिकवायचा. दुसरं बोलण्यासारखं होतं, पण ते त्याला नको होतं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना तांबूस वाळू, उंटांनी रस्त्यावर येऊ नये म्हणून लावलेली जाळी. त्याच्या मांडीवर उलटीसाठी पिशवी.

"समज, दोन संघांचे विजय सारखे. एकमेकांशी खेळलेच नाहीत. वर कोण?"

"ज्याने जास्त गोल केले तो."

"गोल नसतात त्यात."

"मग पॉइंट. रन रेटसारखं."

"हेच! हीच चूक आपली सगळी माणसं करतात. क्रिकेट डोक्यातून जात नाही. पॉइंटांचा फरक फार खाली येतो, त्याच्याखाली जवळजवळ नाणेफेकच उरते. आधी बघायचं—"

पुढे सिमेंटचा टँकर होता. मी लेन बदलली. त्याचं पुढचं वाक्य मी ऐकलं नाही. ऐकू आलं ते त्याच्या पुढचं.

"—आणि तरीही बरोबरी राहिली तर बघायचं, तुम्ही ज्यांना हरवलं ते संघ एकूण किती जिंकले. हे मला सगळ्यात आवडतं. तू सप्टेंबरात एकाला हरवलंस. तो पुढे जिंकत गेला की तुझा तो जुना विजय मोठा होत जातो. तू घरी बसून."

"आणि तो हरत गेला तर?"

"तर तुझाही गेला." तो पिशवी तोंडाशी धरून थांबला, काही झालं नाही, पिशवी पुन्हा मांडीवर ठेवली. "तू काहीही न करता."

ऑक्टोबरच्या मध्यावर ताप आला आणि त्याला ॲडमिट केलं. औषध लागू पडलं नव्हतं. वेदनेसाठी आता जे देत होते त्याने तो दिवसभर गुंगीत असे. सहाव्या आठवड्याचे सामने संपले त्या मंगळवारी सकाळी मी त्याला हलवून उठवलं. "अरे, मेसेज?" त्याने डोळे उघडले, "हो, लिहितो," म्हणाला, फोन हातात घेतला, आणि फोन छातीवर ठेवून झोपून गेला.

मेसेज गेला नाही तर ती विचारणार. मी फोन घेऊन खाली कॅफेटेरियात गेले, इकडचा दाट दुधाचा करक चहा घेतला आणि कामाला लागले. त्याचे जुने मेसेज समोर होते, सामन्यांचे निकाल नेटवर होते. मी रोज चाळीस बसगाड्यांचा मेळ घालते, सात संघ लावणं काय अवघड होतं. पहिले सहा सहज बसले. सातव्या जागेसाठी दोघांत बरोबरी निघाली. दोघांचे चार विजय, दोन हार, एकमेकांशी खेळलेले नाहीत, आणि त्यातला एक संघ आमच्या मुलीचा.

मी पॉइंटांचा फरक काढला. मुलीचा संघ पुष्कळ पुढे होता. मला बरं वाटलं. चला, पोरीला एकदा तरी आत घेता आलं. मी त्याच्यासारखंच लिहिलं: "बाईसाहेब, आज सीझन संपला तर". सात नावं. खाली कारण, एका ओळीत. काळजी घे वगैरे घालायचा मोह आवरला. पाठवून दिलं.

चहा संपायच्या आत फोन वाजला. माझा. तिने त्याच्या फोनवर केला नव्हता. तिच्याकडे मध्यरात्र होत आली असणार.

"आई, बाबा कुठे आहेत?"

"झोपलेत. आत्ताच डोळा लागला. तू जागी कशी?"

"आई, तो मेसेज कोणी लिहिला?"

"कोणी म्हणजे? त्यांनीच."

"नाही. धिस इज नॉट बाबा. त्यात पॉइंट डिफरन्स लावलाय. बाबा तो कधीच लावणार नाहीत. त्यावरून ते माझ्याशी एक अख्खा आठवडा भांडले होते. आणि माझी टीम आत आहे. बाबांनी माझ्या टीमला कध्धी असं फुकटात आत घेतलेलं नाही." मग तिचा आवाज बारीक झाला. "आई, तू लिहिलंस ना?"

कॅफेटेरियात एक बाई लहान मुलाला बिस्किट चहात बुडवून देत होती. मी त्यांच्याकडे बघत होते. दोन महिने मी त्या पोरीशी खड्यांबद्दल आणि स्टेंटबद्दल बोलत आले होते आणि तिने सगळं मानलं होतं. एका फुटबॉलच्या टेबलापुढे मात्र ते टिकलं नाही.

"हो. मी लिहिलं."

"का?"

"त्यांना जमलं नाही."

मग तिने विचारलं, "किती वाईट आहे?"

तेव्हा मी ठरवलं. ठरवायला फार वेळ लागला नाही. जे इतके आठवडे दिसत नव्हतं ते आता वरच्या मजल्यावर, पलंगावर, स्पष्ट दिसत होतं.

"ये," मी म्हटलं.

"बाबा तर म्हणत होते डिसेंबर—"

"बाबा म्हणत होते. मी सांगते, ये. कागद जातील. ते समजून ये."

"आज सीझन संपला तर, आई?"

"आज नाही संपणार. पण डिसेंबर नाही."

फोन बंद झाला. मी उरलेला चहा प्यायले, गार झाला होता, आणि वर गेले.

नवऱ्याला संध्याकाळी चांगली जाग आली. सिस्टरने पाठीमागे उशा लावून दिल्या. मी वाट बघत बसले नाही.

"ती येतेय."

"कोणी सांगितलं तिला?"

"मी."

"आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. मी ऐकून घेतलं होतं."

"तिचे कागद?"

"गेले असं समज."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आमच्या लग्नात त्याने असं तोंड फिरवलं की मी स्वयंपाकघरात जायचे. तिथे स्वयंपाकघर नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिले. सलाइनच्या मशीनचा आवाज येत होता. खूप वेळाने भिंतीकडूनच त्याने विचारलं, "तिला कसं कळलं?"

"मी मेसेज लिहिला. चुकला."

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं. तो वळला.

"रन रेट?"

"हो."

"अगं, ही काय सोसायटीची क्रिकेट मॅच आहे? गाडीत सांगितलं होतं तुला!"

"मी टँकर ओव्हरटेक करत होते."

"आणि पोरीच्या टीमला आत घेतलंस. वा! उद्या फायनलच जिंकून दे." बोलून त्याला धाप लागली. धाप ओसरल्यावर त्याने विचारलं, "तिला लगेच कळलं?"

"चहा संपायच्या आत."

"म्हणजे चार-पाच मिनिटं."

"तेवढीच."

तो वर छताकडे बघत होता. "मग पक्की शिकलीय," तो म्हणाला. रागात होता, पण हे तो रागात म्हणाला नाही.

ती शनिवारी आली. विमानतळावरून टॅक्सीने थेट अल ऐनला. मी त्याला म्हटलं होतं की हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये राहिलास तरी चालेल, पण त्याने कॉलरचा शर्ट मागून घेतला. सलाइनमुळे एक बाही रिकामीच राहिली. ती दारात उभी राहिली. फोनवरचा काळा चेहरा आणि हा चेहरा यांचा मेळ बसवायला तिला वेळ लागत होता, ते मला दिसलं.

"बघ," तो तिला म्हणाला, "आता लाइट लावलाय."

ती आत आली आणि त्याच्या पायांशी बसली. पाय सुजले होते. तिने दोन्ही हात त्यांच्यावर ठेवले आणि तशीच राहिली. टीव्ही नव्हता, सोफा नव्हता, पण ती दोघं पूर्वीसारखी बसली होती. मी घरी जाऊन तिच्यासाठी कपडे आणि त्याच्यासाठी मऊ भात घेऊन आले. भात त्याने खाल्ला नाही.

सातव्या आठवड्याचं टेबल मंगळवारी दोघांनी मिळून केलं. म्हणजे ती फोनवरून निकाल वाचत होती आणि तो डोळे मिटून ऐकत होता. मधे मधे मान हलायची. पुन्हा कुठल्यातरी दोन संघांची बरोबरी झाली. तिने मोठ्याने वाचलं, "दोघांचे पाच विजय. मग बाबा, पॉइंट डिफरन्स बघू?"

"आधी कॉन्फरन्स," तो म्हणाला. आवाज अगदी खाली होता, पण स्पष्ट. म्हणजे आपल्याच गटातल्या संघांवरचे विजय; टँकरपायी माझं हुकलेलं वाक्य ते हेच.

"राइट. आधी कॉन्फरन्स," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. तिने मुद्दाम चुकवलं का, हे मी तिला आजपर्यंत विचारलेलं नाही.

त्यानंतर तो आमच्यापैकी कोणाशी समजेल असं बोलला नाही. गुरुवारी दुपारी गेला. डॉक्टर आले, त्यांनी अरबीत हळू काहीतरी म्हटलं, मग इंग्रजीत सॉरी म्हटलं. कागदपत्रं, दूतावास, अंत्यसंस्कार: त्याच्या कंपनीतले दोघेतिघे आले आणि त्यांनी बरंच धावपळीचं काम केलं. बाकीचं मी केलं. मला हातात काम असलं की बरं असतं. मुलगी माझ्यामागून फिरत होती, मी सांगेन तिथे सही करत होती.

पुण्याहून नणंदेचा फोन आला. ती खूप रडली. मग विचारलं, "वहिनी, शेवटी काय म्हणाला गं? नाव घेतलं का?"

"घेतलं," मी म्हटलं. कशाचं ते तिने विचारलं नाही.

पाहुण्यांचे फोन थांबले, घर रिकामं झालं, तेव्हा मुलगी रागावली. मला ते अपेक्षित होतं. ती रागावली की तिचं मराठी संपतं.

"यू हॅड टू मंथ्स, आई. तुम्ही दोघांनी दोन महिने घेतले. आय गॉट फाइव्ह डेज."

"हो."

"आणि ते पेपर्स माझे होते. माझे. ते घालवायचे की नाही, हे मी ठरवलं असतं."

"काय ठरवलं असतंस?"

"ऑगस्टमध्ये आले असते!"

"म्हणून तर सांगितलं नाही त्यांनी."

ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी भांडी घासली. दोघांची भांडी फार नसतात. त्याचा चहाचा मग मागे राहिला होता, तोही घासून उलटा ठेवला. थोड्या वेळाने ती बाहेर आली, फडकं घेतलं आणि एकेक भांडं पुसायला लागली. या विषयावर त्यानंतर आम्ही बोललो नाही. बोलून बदलण्यासारखं त्यात काही नाही.

तिला परत जाता आलं नाही. अर्ज बाद झाला. डिसेंबरात तिला इथेच एका ऑफिसात नोकरी मिळाली, अल मनखूलला. संध्याकाळी ती मेट्रोने घरी येते, मी शाळेतून. मंगळवारी सकाळी आम्ही दोघी लवकर उठतो आणि घाईघाईने बाहेर पडतो. टेबल कोणी केलं नाही. मला वाटलं, तिने ते सोडून दिलं.

जानेवारीत, शाळा सुरू होऊन काही दिवस झाले होते, मी संध्याकाळी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. ती शेजारी येऊन बसली. फोन बघत म्हणाली, "आई, वी आर आउट."

कोण आउट, हे कळायला मला क्षण लागला.

"संपला का सीझन?"

"संपला. दोन टीम्स बरोबरीत होत्या. आम्ही आणि दुसरी एक."

"मग? आधी कॉन्फरन्स?"

तिने माझ्याकडे बघितलं. "हो. कॉन्फरन्सवर गेलो. एका गेमने. वीक थ्री."

तिसऱ्या आठवड्यातला तो मंगळवार मला आठवला. खिडकीकडे पाठ करून बसलेला तो, सैल कॉलर, मागे ऊन. तेव्हा तो जेवत होता. जिना चढत होता. त्या महिन्यात ती आली असती तर दोघं कुठेही जाऊ शकली असती.

"दाखव," मी म्हटलं.

मी चष्मा लावला आणि तिच्या फोनवर पहिल्यापासून तपासलं. एकमेकांशी सामना झालेला नाही. कॉन्फरन्समधले विजय, त्यांचा एक जास्त. तिथेच संपत होतं, पण मी खालपर्यंत गेले. मुलीचा संघ पॉइंटांच्या फरकात पुष्कळ पुढे होता.

"रन रेटवर आपण आत असतो," मी म्हटलं.

"हो, आई," ती म्हणाली. तिने डोकं माझ्या खांद्याला टेकवलं, आणि टीव्ही लावला. "तुझ्या नियमाने आत असतो."